एक बायको गाऊलागली

तुमच्याकडे डांगर म्हणजे भोपळा, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे डांगर म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी घातलेलं तोंडीलावणं. आमची आत्या उडीद मंद आचेवर भाजत बसायची. तो वास सगळ्या घरात फिरून माडीवरच्या माझ्या अंथरुणापर्यंत यायचा, आणि त्याच्या मागोमाग तिचा आवाज यायचा. ती गाताना कधी हात थांबवत नसे आणि काम करताना कधी गाणं थांबवत नसे. मध्येच मला हाक मारायची झाली तर अभंगाच्याच सुरात मारायची. विठ्ठलाचं नाव कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही, आणि मी तशीच पडून राहायची. हे प्रकरण डांगरापासून सुरू करायला हवं, कारण त्याच नावाने मी पुढे जगाशी भांडले.

आमचं घर कुंभकोणम्‌मध्ये, देवळाच्या मागच्या अरुंद गल्लीत. समोर पितळेच्या भांड्यांचं दुकान. तिथली ठोकाठोक दिवसभर चालायची, आणि दुपारी ती थांबली की आम्हांला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. त्या गल्लीत मराठी बोलणारं घर आमचं एकच. मराठ्यांच्या राज्यात कधीतरी आमचे लोक इकडे आले आणि इथलेच झाले, याहून जास्त मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. अप्पा म्हणजे माझे वडील ऑफिसला निघाले की चपला घालता घालता भाषा बदलायचे. एका पायात चप्पल असेपर्यंत आईला मराठीत काहीतरी सांगत असायचे, आणि दुसरी घातली की तेच वाक्य तमिळमध्ये पुरं व्हायचं. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे.

आत्या म्हणजे वत्सलाबाई, अप्पांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे झालं नाही असं नव्हे, केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि एकादशीला टाउन बस पकडून मरुदानल्लूरला भजनाला जायची. तिथे सगळे तमिळ लोक. अभंग मराठी, पण त्यांच्या हातातल्या पुस्तकांत तमिळ लिपीत छापलेले. शब्दांचा अर्थ कळत नसला तरी ते जीव ओतून म्हणत. मग थांबून आत्याला विचारत, वत्सलाबाई, याचा अर्थ काय? ती सांगायची. तिला स्वतःलाही नागरी लिपी धड वाचता येत नसे. तीही मराठी तमिळ अक्षरांतच वाचायची. तरी त्या मंडपात मराठीतला शेवटचा शब्द तिचाच असायचा, आणि हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ते आवडायचं. बसमध्ये कोणी नवखी बाई, नवरा काय करतो म्हणून विचारायची, तेव्हा आत्या म्हणायची, "मी एक बायको. मला नवरा कशाला?" ती बाई गोंधळून खिडकीबाहेर बघायला लागायची, कारण आत्या हे मराठीत म्हणायची.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मराठीत बायको म्हणजे स्त्री. नुसती स्त्री. अमक्याची बायको म्हटलं तरच ती कोणाची तरी पत्नी होते, एरवी ती आपली आपण असते. आणि आम्ही 'गाऊलागली' म्हणतो ते 'गाते आहे' या अर्थाने. तुम्ही तेच तोडून 'गाऊ लागली' लिहिता आणि त्याचा अर्थ होतो, तिने गायला सुरुवात केली. शब्द तेच, पण तुमच्याकडे बाई आत्ता कुठे तोंड उघडते, आणि आमच्याकडे ती केव्हाची गात असते.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या गल्लीच्या टोकाला सेल्वम् अण्णांचं ब्राउझिंग सेंटर होतं. प्लायवुडच्या खणाखणांत एकेक कॉम्प्युटर, कळकट पडदे, आणि करंट गेला की सगळ्या खणांतून एकदम यूपीएस ओरडायला लागायचे. मी तिथे कॉलेजचं काहीतरी शोधायला गेले आणि मराठीतला एक ज्ञानकोश सापडला, कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा असा. अप्पांनी मला लहानपणी हिंदीच्या परीक्षांना बसवलं होतं, त्यामुळे नागरी मला येत होती. मी आधी कुंभकोणम् शोधलं. जेमतेम एक ओळ होती. मग तंजावरी मराठी शोधलं. नाव लाल अक्षरांत आलं. लाल म्हणजे हे पान अजून कोणी लिहिलेलं नाही, वाटल्यास तू लिही. मी त्या लाल अक्षरांकडे बराच वेळ बघत बसले. आपल्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही याचा मला राग आला, आणि पाठोपाठ वाटलं, मग बरंच झालं, आपणच लिहू.

नवशिक्यांनी हात बसवायला तिथे एक पान असतं, त्याला धूळपाटी म्हणतात. काय वाटेल ते लिहा, थोड्या वेळाने पुसलं जातं. मला तो शब्द फार आवडला. मी त्या पाटीवर रोज कॉलेजमधून येताना काही ना काही लिहायची. इंग्रजी अक्षरांच्या कळा दाबून नागरी उमटवायची, एक जोडाक्षर जमलं की खुर्चीतच सरळ बसायची. सदस्यनाव घ्यायला सांगितलं तेव्हा त्या दिवशी जेवणात होतं म्हणून मी डांगर हे नाव घेतलं. मग हळूहळू नियम शिकले. लिहिलेलं जतन करायच्या आधी काय बदल केला ते एका ओळीत सांगायचं. प्रत्येक पानाला इतिहास असतो, कोणी काय बदललं ते तिथे दिसतं आणि कोणालाही ते उलटवता येतं. भांडायचं तर लेखात नाही, शेजारच्या चर्चेच्या पानावर. सगळ्या गावाचं भांडण असेल तर चावडीवर. हो, तिथे चावडीसुद्धा होती. आणि जे लिहाल त्याला छापील आधार द्यायचा, घरी असं म्हणतात हे चालत नाही.

मी 'तंजावरी मराठी' हे पान लिहिलं. कोठें, हुडकणें, अस्कें म्हणजे सगळं, असे आमचे शब्द लिहिले, अर्थ लिहिले, तमिळमधून काय काय आलं ते लिहिलं. लायब्ररीत तंजावरच्या इतिहासावरची पुस्तकं होती, त्यांचा आधार दिला. आणि उदाहरण म्हणून आत्याकडे बघून दोन वाक्यं लिहिली: "आमच्या घरीं एक बायको आहे. ती आत्तां गाऊलागली." घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या पोळ्या लाटत होती. "माझें लिव्हलीस कां? बरें लिव्हलीस ना?" एवढंच विचारलं आणि पुढची पोळी घेतली. पण त्या दिवशी तिने मला तूप जास्त वाढलं.

काही दिवसांनी मी पान उघडलं तर ते ओळखू येईना. व्याकरणप्रेमी नावाच्या कोणा सदस्याने सबंध लेख शुद्ध केला होता. माझी वाक्यं आता अशी होती: "आमच्या घरी एक पत्नी आहे. तिने आता गायला सुरुवात केली." आणि पत्नी या शब्दाच्या डोक्यावर बारीक निळ्या अक्षरांत, चौकटी कंसात, एक प्रश्न चिकटवला होता: [कोणाची?]

मी ते उलटवलं. त्याने परत केलं. मी परत उलटवलं, आणि मला ताकीद आली की असं उलटवाउलटवी करू नये, चर्चा करावी. ती ताकीद योग्य होती, हे मी आजही म्हणते, पण तेव्हा माझी कानशिलं तापली होती. मी चर्चेच्या पानावर लिहिलं की बायको म्हणजे स्त्री. तो मला पुरुष समजला. त्याने लिहिलं, "श्री. डांगर, आपणांस मराठी येत नाही, हा आपला दोष नव्हे. परंतु ज्यांस भाषा येत नाही त्यांनी त्या भाषेवर लेख लिहू नयेत." आणि लेखाच्या डोक्यावर पाटी लावली: हे पान काढून टाकावे. चावडीवर चर्चा सुरू झाली. तिकडच्या एका प्रचालकाने, म्हणजे पान ठेवायचं की काढायचं हे शेवटी ज्याच्या हातात असतं त्या माणसाने, मला सभ्यपणे कळवलं की लेख प्रमाण मराठीत लिहिला आणि ती दोन वाक्यं काढली तर वाचेल. माणूस भला होता. पण त्या दोन वाक्यांखेरीज त्या पानात आमचं असं काय उरत होतं, ते मला कोणी सांगेना.

त्या दिवशी जेवताना मी हे सगळं सांगितलं. अप्पा पानावर वाकून जेवत राहिले. मग म्हणाले, "काढून टाक ती दोन वाक्यें. भाषा त्यांची आहे, राज्य त्यांचें आहे." मला राग आवरेना. मी विचारलं, मग आपली भाषा कोणाची? त्यावर ते हात धुवायला उठले. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. नंतर मला मागीलदारी नेऊन तिने सांगितलं, ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. अप्पा तरुणपणी एका लग्नाला पुण्याला गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा अस्कें गाव मराठी बोलतंय म्हणून हुरळून ते एका दुकानात शिरले आणि मराठीत काहीतरी मागितलं. दुकानदाराने हसून त्यांना हिंदीत उत्तर दिलं. लग्नघरात परत आल्यावर कोणीतरी विचारलं, मद्रासहून आलात वाटतं, मराठी छान शिकलात की. अप्पा दुसऱ्या दिवशी परत निघाले, आणि तेव्हापासून उंबरठ्याबाहेर त्यांनी मराठीचा एक शब्द काढला नाही. मला त्यांची कीव आली नाही, खरं सांगते. मला त्या दुकानदाराची मान धरावीशी वाटली.

आत्या मात्र पान आटोपून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तें त्याणें काय लिव्हलें, मला वाचून दाखव. येथें नको. तेथें, त्या डब्यापुढें." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती शाळेच्याच पातळात, केसांत मोगरा घातलेली, माझ्या आधी सेल्वम् अण्णांच्या दारात उभी होती. ते घाईने उठले. लहानपणी ते तिच्या शाळेच्या भिंतीवरून चेंडू काढायला चढायचे आणि ती त्यांना खाली उतरवून पाढे म्हणायला लावायची, त्यामुळे त्यांना तिची अजून धास्ती होती. त्यांनी तिला पंख्याखालची खुर्ची दिली.

मी वाचायला लागले. प्लायवुडच्या भिंती त्या, माझा आवाज सगळ्या खणांत जात होता. "आमच्या घरी एक पत्नी आहे, कोणाची, प्रश्नचिन्ह."

"कोणाची?" आत्याने विचारलं.

"तोच विचारूलागला, कोणाची म्हणून."

"पुढें वाच."

"तिने आता गायला सुरुवात केली."

आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "आत्तां?" ती म्हणाली. "आत्तां सुरुवात? मी परकर नेसत होतें तेव्हांपासून गाऊलागलें. माझी आई गाऊलागली होती, तिची आई गाऊलागली होती. हा कोण आम्हांला आत्तां सुरुवात करवणारा?" सेल्वम् अण्णांनी पडद्यातून डोकं आत घातलं आणि तमिळमध्ये विचारलं की टीचरना काय झालं. आत्याने त्यांना तमिळमध्ये तितक्याच ताकदीने सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून त्यांनी एकच विचारलं: त्या माणसाला तुमचा आवाज ऐकवता येणार नाही का?

येत होता. त्या कोशाला चित्रं आणि ध्वनी ठेवायची एक सामायिक जागा असते. कोणीही आपला आवाज तिथे चढवावा, तो सर्वांचा होतो. अण्णांनी परदेशाशी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला माइकचा हेडफोन आणून दिला. आत्याने तो मोगऱ्याला धक्का न लावता कानांवर बसवला. काय बोलायचं ते तिला मी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. लाल खूण पेटली तशी ती वर्गात बोलायची त्या आवाजात बोलली. "मी वत्सलाबाई. कुंभकोणाची. मी बायको. कोणाची विचारलांत, तर कोणाचीच नव्हें. मी गाऊलागलें, ऐका." आणि तिने अभंग धरला. इतर खणांतला टकटक आवाज बंद झाला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर करंट गेला, सगळे यूपीएस एकदम ओरडायला लागले, सेल्वम् अण्णा "करंट पोयिडुच्चु" म्हणत धावले. आत्याने डोळे उघडले नाहीत. त्या कोकाटण्यावर सूर चढवून तिने कडवं पुरं केलं. आमच्या खणातल्या अंधारात फक्त पडदा निळा दिसत होता, बॅटरी संपायच्या आत मला ते जतन करायचं होतं. आपल्या माणसाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

ती ध्वनिफीत मी पानावर लावली. चावडीवर मी एकच उत्तर लिहिलं, आणि ते आमच्या मराठीत लिहिलं, एक अक्षर शुद्ध न करता. लिहिलं की हें पान काढायचें तर काढा. पण आम्हांला मराठी येत नाहीं म्हणून काढूं नका. आमची मराठी तुम्हांला येत नाहीं म्हणून काढलों, असें लिव्हून काढा. श्री. डांगर नव्हें, कुमारी डांगर.

व्याकरणप्रेमींनी उत्तर दिलं की गाणं म्हणजे पुरावा नव्हे. नियमाने त्यांचं बरोबर होतं. नियमांवर माझा राग नाही. ज्याच्या तोंडी येईल ते छापलं तर तो कोश कसला? पण नियम सर्वांना सारखाच लागू होतो, आणि तो कोश सर्वांचा असतो, ही त्याची गंमत मला तेव्हा कळली. साताऱ्याकडच्या कोणी एक बाई, मी त्यांना कधी पाहिलं नाही, चावडीवर आल्या. त्यांनी लिहिलं की आमच्या चुलत आजीसुद्धा कोणत्याही बाईला बायको म्हणायच्या, आणि घरातल्या जुन्या छापील शब्दकोशात बायको शब्दाचा पहिला अर्थ स्त्री असा दिलेला आहे, पत्नी नंतर. पृष्ठासकट त्यांनी आधार जोडला. खाली एक ओळ होती: आवाज ऐकला, तीनदा ऐकला, मध्ये कसला भोंगा वाजतो? मी लिहिलं, करंट. त्यानंतर आणखी कोणी कोणी आले, कोणी शब्द घातले, कोणी माझ्या चुका काढल्या, खऱ्या चुका, त्या मी सुधारल्या. पान काढण्याची पाटी उतरली. व्याकरणप्रेमी शेवटपर्यंत मान्य म्हणाले नाहीत. पण एका सकाळी इतिहासात मी पाहिलं, तो चौकटी कंसातला प्रश्न त्यांनीच काढला होता. बदलाचं कारण सांगायची ओळ कोरी होती.

आता माझी चाळिशी उलटली. मी नोकरीमुळे चेन्नईला असते, आणि माझी मुलगी मला विचारते की एवढं भांडण दोन वाक्यांसाठी कशाला. मी तिला म्हणते, तू कशासाठी भांडणार आहेस ते आधी ठरव, मग मला विचार. ते पान आज माझं राहिलेलं नाही, माझ्याहून जाणत्या लोकांनी ते वाढवलंय, आणि तसंच व्हायला हवं. मी अजून तिथे लिहिते. नव्या कोणाचं पहिलंवहिलं लिहिणं कोणी झटक्यात उलटवलं तर मी चर्चेच्या पानावर जाऊन उभी राहते. मला तिथे खाष्ट म्हणतात, म्हणू दे.

गेल्या वर्षी आत्या गेली. तिचे दिवस झाल्यावर मी अप्पांपाशी बसले होते. समोरचं पितळेचं दुकान आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे दुपार फार शांत होती. अप्पांनी माझा फोन मागितला आणि म्हणाले, तें पान काढ. त्यांनी ते इतक्या वर्षांत कधी बघायला मागितलं नव्हतं. मी उघडून दिलं. ते चष्मा सरकवून सावकाश वाचत त्या दोन वाक्यांपाशी आले. आमच्या घरीं एक बायको आहे. ती आत्तां गाऊलागली.

"हें आतां खरें नाहीं," ते म्हणाले. "बदलायला पाहिजे. होती, असें लिव्ह. गाऊलागली होती."

त्यांचं बरोबर होतं. खोटं ठेवू नये, हा पहिला नियम. मी संपादनाची खूण दाबली, 'आहे' पुसलं, 'होती' लिहिलं. जतन करायच्या आधी अप्पांचं बोट चुकून खाली ध्वनीच्या खुणेवर पडलं. की चुकून नाही, ते मला माहीत नाही. मी बायको, आत्या म्हणाली. कोणाची विचारलांत, तर कोणाचीच नव्हें. मग ती गायला लागली, तुमच्या अर्थाने. यूपीएस ओरडले, ती थांबली नाही. रस्त्यावरून जाणारा एक माणूस खिडकीशी रेंगाळला आणि त्याने तमिळमध्ये विचारलं, कोण गातंय? अप्पा उठून उंबरठ्यापाशी गेले, चपला घातल्या, दोन्ही पायांत घातल्या, आणि त्याला मराठीत म्हणाले, "माझी अक्का." मग वळून मला म्हणाले, "राहूं दे तें. बदलूं नको. गाऊलागली."